बादलीभर पाणी आणि पडवीतला प्लग

श्रीमती शरयूताई मयेकर यांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. ती तशीच सांगतो. गोड करून सांगितली तर ताई स्वतःच हसतील.

रत्नागिरी शहराबाहेर एका आवारात विजेच्या गाड्यांचे चार्जिंग आहे. तेव्हा आसपास तेवढे एकच होते. माझी गाडी नवी, मुलाने मुंबईहून घेऊन दिलेली. मी जन्मभर डिझेलच्या ट्रकवर चालक. शिक्षण सातवी, तेही शेवटच्या परीक्षेला न बसता. डिझेल संपले तर डबा घेऊन पंपापर्यंत चालत जाता येते, वीज डब्यातून आणता येत नाही, या एका विचाराने गाडी दारात आल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. म्हणून त्या दिवशी गाडी शंभर टक्के भरली तरी मी वायर काढली नाही. काढली आणि एखादा टक्का उतरला तर? मी तसाच गाडीत बसून राहिलो. शेजारी माझी पत्नी सुमती, एका डोळ्यावर पट्टी. तिच्या डोळ्यात महिन्यातून एकदा इंजेक्शन द्यावे लागे. ते देणारे डॉक्टर मुंबईहून महिन्याच्या पहिल्या रविवारी रत्नागिरीत येत, आणि आम्ही खेडजवळच्या आमच्या गावाहून तिथे जात असू.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक बाई उभ्या होत्या. आखूड कापलेले पिकले केस, खांद्याला वायरमन लोकांची असते तशी हत्यारांची पिशवी.

"काका, तुमचं शंभर झालंय."

"माहीत आहे मला."

"मग जेवण झाल्यावर पंगतीत बसून राहतात का? मागे माणसं ताटकळलीत."

"मला खेडला जायचंय. वाटेत बंद पडली तर तुम्ही येणार ढकलायला?"

"येईन की. पण ऐंशीवर उठला असतात तरी पोचला असतात. ऐंशीच्या पुढे ती रेंगाळत भरते. तेवढ्यात दुसऱ्याचं काम होतं."

"आणि घाट?"

"चढताना खाते, उतरताना थोडं परत देते."

"माझ्या ट्रकने कधी उतारावर डिझेल परत दिलं नाही."

"म्हणून तर ट्रक गेला आणि ही आली."

यावर सुमती हसली. डोळ्यावर पट्टी असताना हसली. मला इतका राग आला की मी वायर ओढून काढली. तरी ताईंनी कागदावर नंबर लिहून काचेतून आत दिला. "अडलात तर फोन करा. नाही अडलात तर पुढच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला मांडवीला या. चहा मिळेल."

घरी पोचलो तेव्हा गाडीत अडतीस टक्के शिल्लक होते. म्हणजे ऐंशीवर निघालो असतो तरी पोचून अठरा उरले असते. बाई खऱ्या ठरल्या याचा मला आणखी राग आला. पुढच्या पहिल्या रविवारी पहाटे उठून मी मांडवीला गेलो. डॉक्टरांची वेळ अकराची होती.

मांडवीच्या त्या भेटींविषयी ताईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात पुष्कळजण लिहितील. 'चळवळ', 'व्यासपीठ' असे शब्द मला एका लेखात आधीच दिसले. व्यासपीठ कसले? किनाऱ्याच्या कठड्याला टेकून पाच-सात माणसे उभी असायची. फलक नाही, माईक नाही, अध्यक्ष नाही. ताई घरून मोठा थर्मास भरून चहा आणायच्या. कोणी घावणे आणायचे, कोणी नुसतेच यायचे. एकच रीत होती. आल्या आल्या प्रत्येकाने आपली गाडी किती टक्क्यांवर पोचली ते सांगायचे, आणि ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला पहिला चहा. कारण तो सगळ्यात जास्त घाबरून आलेला असतो, असे ताई म्हणायच्या.

एकदा एका बड्या गाडीच्या गृहस्थांनी "तीस" म्हणून सांगितले आणि परत जाताना ते वाटेतल्या एका पुलाच्या अलीकडेच बंद पडले. खरा आकडा चार होता. लाजेने खोटे बोलले. ताईंनी त्यांची गाडी उचलून नेण्याची व्यवस्था केली, त्यांना घरी जेवू घातले आणि मग सुनावले, "इथे परीक्षा चालली होती का? आकडा कमी म्हणजे अब्रू कमी नव्हे. खरं सांगितलं असतंत तर चहाही पहिला मिळाला असता." ते गृहस्थ आज या गौरव समितीवर आहेत. त्यांना हे आठवत असेल अशी आशा आहे.

माझ्यासारख्या घाबरट माणसाला ताईंनी कसे सांभाळले ते मलाच ठाऊक. मी रोज सकाळी सातला फोन करायचो. एकदा म्हणालो, "ताई, काल झाकून ठेवली तेव्हा एकसष्ट होते, आज साठ दाखवते. कुठे गेला तो एक?" त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तरी काल निजताना होतात तेवढेच आज उठलात का?" मी फोन आपटला. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा केला. त्यांनी पहिल्या घंटीला उचलला.

आता त्यांच्या खऱ्या कामाकडे येतो. ताई निवृत्तीपर्यंत तंत्रशाळेत वायरमनच्या मुलांना शिकवत होत्या, म्हणून हे काम त्यांनाच सुचले. खेडपासून रत्नागिरीपर्यंत, महामार्गापासून फार आत नाहीत अशी घरे त्यांनी शोधली. ज्याच्या पडवीत जाड तारेचा, पंधरा अँपिअरचा प्लग असेल आणि अडलेल्या गाडीला जो तो वापरू देईल, त्याचे घर नकाशावर. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हाताने काढलेला तो नकाशा त्यांच्या घरी भिंतीवर आहे. त्याची नक्कल आम्हा प्रत्येकाच्या गाडीत.

पण नुसता प्लग असून भागत नाही. त्याला अर्थिंग चांगले लागते, म्हणजे वीज चुकून अंगावर यायच्या आत जमिनीत निघून जायची वाट. ती वाट नीट नसेल तर आमच्या गाड्या लाल दिवा दाखवतात आणि वीज घेतच नाहीत. आणि आपली जमीन कसली, तर जांभ्याचा कातळ. पावसात ठीक. फाल्गुन लागला की कातळ कोरडा ठणठणीत, आणि पावसात चालणारा प्लग उन्हाळ्यात निकामी. हे त्या महागड्या गाड्या विकणाऱ्या टायवाल्या मुलांना कोणालाच माहीत नव्हते. ताईंना माहीत होते.

त्या प्रत्येक घरी स्वतः गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा पिशवीतून दोन तारांना जोडलेला साधा बल्ब काढला आणि प्लगमध्ये एक तार विजेच्या भोकात आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घालून बघितला. बल्ब आजाऱ्यासारखा मिणमिणला. अर्थिंग चांगले असते तर लख्ख पेटला असता.

"काका, तुमच्या माणसाने अर्थिंगची सळी वीतभर पुरलीये फक्त. खणायला घ्या."

मी दोन माणसे लावून कातळ फोडून घेतला. ताई खड्ड्याच्या कडेला बसून होत्या. सळीभोवती कोळसा आणि जाडे मीठ थरावर थर घालून घेतले. मग सुमतीला म्हणाल्या, "वहिनी, तुळशीला रोज पाणी घालता ना? तसंच इथे एक बादली. उन्हाळाभर चुकवायचं नाही." शेजारचा बाळू कुंपणावरून बघत होता. तो ओरडला, "चाळके, खड्ड्यातनं काय गाडी उगवनार हाय?" ताई म्हणाल्या, "उगवली तर पहिली तुला देऊ." बाळू आजही ते गावभर सांगतो.

या बादलीभर पाण्याची किंमत मला एका मे महिन्यात कळली.

इंजेक्शन घेऊन आम्ही परत निघालो होतो. रत्नागिरीच्या चार्जिंगला रांग होती, सुमतीचा डोळा ठणकत होता, म्हणून चाळीस टक्क्यांवरच निघालो. महामार्गावर एका हॉटेलाच्या आवारात नवे यंत्र बसले होते, मोबाइल ते हिरवे दाखवत होता. म्हटले तिथे भरू. पोचलो तर पडदा झगझगीत, वायर लटकलेली, आणि यंत्र ढिम्म. राखणदार म्हणाला, "चार दिस झाले, बंद हाय. कळवलंय."

"मग मोबाइलवर हिरवं कसं दाखवता?"

"ता मला काय ठावक? मी गेटवर असतो."

त्याची चूक नव्हती, तरी मी त्याच्यावर ओरडलो. ज्यांची होती त्यांच्यावर ओरडायला तिथे कोणी नव्हतेच. खोटा हिरवा दिवा लावून माणसाला भर उन्हात बोलवायचे आणि वर 'तुमचा अनुभव कसा होता' म्हणून विचारायचे, ही कसली रीत? त्यांना आजही माझी शिवी लागू आहे. छापता येणार नाही म्हणून लिहीत नाही.

ताईंना फोन लावला.

"टक्के किती?"

"अकरा."

"खरं सांगा."

"अकराच!"

"एसी चालू आहे?"

टक्का वाचावा म्हणून मी तो संगमेश्वरच्या अलीकडेच बंद केला होता. सुमती पदराने वारा घेत होती.

"काका, आधी एसी लावा. त्या माउलीचा डोळा आहे. मग सहा किलोमीटर पुढे जा, डावीकडे वाडी लागेल. निळं फाटक. मी फोन करते त्यांना."

निळ्या फाटकापाशी एक बाई वाट बघत उभ्या होत्या. आम्ही त्यांना कधी पाहिले नव्हते. सुमतीला त्यांनी हाताला धरून आत नेले, काळोख्या माजघरात निजवले, कोकम सरबत दिले. मी वायर लावली. हिरवा दिवा लागला. खरा हिरवा. प्लगखालचा खड्डा ओलाचिंब होता.

मी त्यांना विचारले, "आज कोणी येणार होतं का?"

"नाय हो. मे महिन्यात रोजच घालते. ताईंनी सांगितलंय. कोन कधी येल ता आपल्याला काय म्हायत?"

चार तास आम्ही तिथे होतो. दर तासाला ताईंचा फोन. मला नव्हे, सुमतीला. घरी पोचल्यावर सुमती एवढेच म्हणाली, "तुम्ही उगाच घाबरता. माणसं आहेत."

माणसे होती, असे आता म्हणायचे.

कारण गेल्या दीड-दोन वर्षांत महामार्गावर यंत्रे वाढली. चांगलेच झाले. पण यंत्रे वाढली तशी आमची माणसे कमी झाली. मांडवीला सातांचे चार झाले, चारांचे दोन. कोणी म्हणाले, हॉटेलात हॉल घेऊ, तिथे एसी असतो. एकाने मोबाइलच्या गटावर लिहिले, "ताई, खड्ड्यात पाणी घालायचे दिवस गेले आता!" त्याखाली सहा जणांनी हसरी तोंडे टाकली. ती सहा नावे मला पाठ आहेत. त्यांतल्या चौघांचे लेख या ग्रंथात आहेत.

आणि मग तो रविवार. मी तिथे नव्हतो. सुमतीचे इंजेक्शन आता तीन महिन्यांतून एकदा असते. मला वाटले, बाकीचे असतील. प्रत्येकाला तेच वाटले असणार. पुढच्या वेळी गेलो तेव्हा शहाळी विकणाऱ्या गंगूबाईंनी मला गाठले.

"त्या रविवारी खंय होतंव सगळी? ताई एकट्याच बसल्या व्हत्या हकडे. धा वाजस्तवर. मग तो थर्मास माझ्याकडे घेऊन आल्या नि म्हनाल्या, तू तरी घे गो, गार व्हईल."

मी साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ गोष्टींवर चिडलो आहे. रस्त्यावर, नाक्यावर, मालकावर, मुलावर. पण त्या दिवशी स्वतःचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. ज्या बाईने पहिल्या घंटीला फोन उचलला, तिच्या एका रविवारी मी घरी ओटीवर बसून पेपर वाचत होतो.

ताईंकडे जाऊन मी तणतणलो. त्या म्हणाल्या, "अहो काका, यंत्रं यावीत म्हणून अर्ज कोण लिहीत होतं? आपणच ना? आली, तर रडता कशाला?"

"आणि बंद पडतात ती?"

त्यावर त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केले. त्यावर एकोणीस घरे होती. चौदांवर त्यांनी पेन्सिलीने काट मारली होती. कोणी प्लगला कुलूप घातले, कोणाचा खड्डा कोरडा पडला. निळ्या फाटकाच्या बाई मुलाकडे मुंबईला राहायला गेल्या. उरली पाच. दोन खेडकडे, तीन रत्नागिरीकडे. मधे काहीच नाही.

"चैत्रापर्यंत वाट बघते," ताई म्हणाल्या. "मधली जागा भरली नाही तर हा उतरवणार. अर्धा नकाशा नसलेल्यापेक्षा वाईट. कोणीतरी त्याच्या भरवशावर निघेल आणि मधे अडकेल. त्या यंत्राच्या खोट्या हिरव्या दिव्यात आणि माझ्यात मग फरक काय?"

ही या बाईंची नीती. स्वतःचे एवढ्या वर्षांचे काम भिंतीवरून उतरवतील, पण ते खोटे बोलू देणार नाहीत.

अशा बाईंच्या साठीनिमित्त आपण जाड कागदाचा ग्रंथ काढतो आहोत. हॉल ठरला आहे, अर्थात एसीचा. शाल आहे, श्रीफळ आहे, चांदीचा मुलामा दिलेली छोटी गाडी आहे. संपादक मंडळातील एका सद्‌गृहस्थांनी मला फोन करून सांगितले, "काका, छान आठवणी लिहा. तो रविवारचा विषय नको. समारंभाला शोभणार नाही." मी विचारले, "त्या रविवारी आपण कुठे होतात?" ते म्हणाले, "लेख शुक्रवारपर्यंत द्या."

दिला आहे. रविवारसकट दिला आहे. तो भाग काढायचा असेल तर माझे नावही काढा, आणि लेख मी समारंभात उभा राहून वाचीन. आवाज माझा मोठा आहे. ट्रकवरचा आहे.

ताईंचा गौरव करायचा तर तो सोपा आहे. संगमेश्वर ते चिपळूण या पट्ट्यात आपल्यापैकी निदान सहा जणांची घरे आहेत. मी मोजलेली आहेत, आणि कोणाची ते त्यांचे त्यांना कळेल. चौघांच्या पडवीत प्लग अजून आहे. कुलूप काढा. सळीभोवतालची माती उकरा, कोळसा-मीठ भरा, आणि सकाळी तोंड धुतल्यावर एक बादली ओता. कोणी येणार नाही. महिना महिना कोणी येणार नाही. शेजारी हसतील, ते मी सोसले आहे, तुम्हीही सोसा. मग ताईंना बोलवा. त्या पिशवी घेऊन येतील आणि तुमच्या पडवीत तो बल्ब लावून बघतील. तो लख्ख पेटला की त्यांच्या तोंडाकडे बघा. तुमच्या शालीने ते तसे होणार नाही.

शरयूताई, आपण माझ्याहून वयाने तेरा वर्षांनी लहान, म्हणून आशीर्वाद देण्याचा हक्क मला आहे. आपल्याला उदंड आयुष्य मिळो. गुडघे धड राहोत, कारण खड्ड्याशी बसायला ते लागतात. नजर तीक्ष्ण राहो आणि जीभ त्याहून तीक्ष्ण. पंचाहत्तरीचा ग्रंथ निघेल तेव्हा मी असेन की नाही ठाऊक नाही, पण तेव्हाही कोणा घाबरट म्हाताऱ्याच्या काचेवर टकटक करून "काका, शंभर झालंय" म्हणायला आपण असावे.

येत्या पहिल्या रविवारी सकाळी आठला मी मांडवीला आहे. सुमतीही येणार आहे. तिचा डोळा आता बरा आहे. आम्ही मुद्दाम कमी भरून येऊ, म्हणजे पहिला चहा आमचा. दुसरा कोणाला, ते या ग्रंथातल्या बाकीच्या लेखकांनी ठरवावे.

आणि ताई, नकाशावर खेडकडे जी दोन घरे उरली आहेत त्यांतले एक आमचे. त्यावर पेन्सिल लावू नका. आज सकाळी मी स्वतः बादली ओतली. खड्डा ओला आहे.

— गणपत महादेव चाळके